वाळूचे तेल

वाळू रगडून तेल काढणे ही आपल्याकडे चिकाटीची परमावधी समजली जाते. शाळेत फळ्यावर सुविचार लिहिण्याची पाळी आली की दर महिन्याला एक तरी मुलगा हे वाळूचे तेल आणून फळ्यावर ओतीच. रसायन शिकवणारी बाई म्हणून मला त्या वेळी मनातल्या मनात हसू येई. कारण हे तेल खरोखरच निघते, आणि ते निघू लागल्यालाही आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. पण तेच तेल एक दिवस टपालाने आष्टीला माझ्या दारी येईल, आणि ते नातीच्या अंगाला लावावे की लावू नये यावरून घरात चार तट पडतील, हे काही माझ्या कुंडलीत लिहिलेले मला दिसले नव्हते.

आष्टी म्हटले की बाहेरच्या माणसाला १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, हुतात्म्यांचे स्मारक आठवते. आम्हा राहणाऱ्यांना त्याबरोबर कापूस, संत्री आणि पौषातली हाडे गोठवणारी थंडीही आठवते. २०२५ च्या जानेवारीत, ऐन त्या थंडीत, माझ्या लेकीचे बाळंतपण आले. ती पुण्याला असते. पण पहिले बाळंतपण माहेरी हा नेम आमच्याकडे अजून सुटलेला नाही. नात आली ती पाच आठवडे आधी, आणि वजन एक किलो नऊशे ग्रॅम. अमरावतीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या काळजीत पडलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा सुरकुतलेला होता, आणि कातडी इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्या. अशा जिवाला हात लावायला भीती वाटते; मग आणखी काही लावायचे म्हटले की काय होत असेल!

आणि नेमके त्याच आठवड्यात जर्मनीहून माझ्या मुलाचे पार्सल आले. मामाची पहिली भेट! लोकरीची टोपडी, मोजे, आणि त्यांच्या खाली एक ट्यूब व एक बरणी. ट्यूब लंगोटाच्या जागेला लावायची, बरणीतले मलम अंगाला. लेकीने दोन्हींवरची बारीक अक्षरे वाचली, मोबाइलवर काहीतरी शोधले, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, यात सिलिकोन आहे. लोक म्हणतात की हे कातडीतून आत जातं, साचून राहतं. हे मी तिला लावणार नाही. काहीच लावणार नाही!"

पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचे म्हणणे सरळ होते: परदेशी डबे बाजूला ठेवा, डाळीचे पीठ, हळद आणि साय यांचा गोळा रोज अंगावरून फिरवा, लव जाते आणि वर्ण उजळतो. मुलाचे म्हणणे, इथे सगळी मुले यावरच वाढतात, तुम्ही उगाच घाबरता. आणि आमच्या मालिशवाल्या मावशी, ज्यांनी या गल्लीतली दोन पिढ्यांची पोरे आपल्या पायांवर पालथी घातली आहेत, त्या ट्यूबकडे पाहून म्हणाल्या, "बाई, हे मलम काहून लावता लेकराले? पोरगी का मोटार होय, वंगण घालाले? तेलाशिवाय हाडं धरत नाईत."

मोटारीची उपमा त्यांनी सहज दिली, पण ती अगदी बिनचूक होती. सिलिकोन हे वंगणही आहेच.

सिलिकॉन आणि सिलिकोन हे दोन शब्द सारखे दिसतात, एका मात्रेचा काय तो फरक. आणि निम्मा गोंधळ या मात्रेमुळेच होतो. सिलिकॉन हे मूलद्रव्य. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १८२४ मध्ये वेगळे केले. वाळू म्हणजे हेच सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे लग्न, आणि फार घट्ट लग्न. सिलिकोन मात्र माणसाने केलेली वस्तू. वाळू कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घालून तिच्यातले सिलिकॉन सुटे करायचे, तांब्याच्या साक्षीने त्याची मिथिल क्लोराइडशी गाठ घालायची, आणि मग त्यावर पाण्याची क्रिया करायची. सिलिकॉन, प्राणवायू, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा प्राणवायू, अशी लांबच लांब साखळी तयार होते आणि तिच्या दोन्ही अंगांना मिथिलची झालर लोंबते. ही झालर पाण्याला जवळ येऊ देत नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या किपिंग या प्राध्यापकाने अशा संयुगांवर आयुष्य घालवले, सिलिकोन हे नावही त्याचेच. आणि गंमत अशी की १९३७ मध्ये छापून आलेल्या एका व्याख्यानात त्यानेच सांगितले की या शाखेत लवकर काही महत्त्वाची प्रगती होईल अशी फारशी आशा दिसत नाही. तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकेत रोकाऊ याने तांब्याची युक्ती काढली आणि वाळूचे तेल पिंपांनी निघू लागले. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या बुटांचे तळ सिलिकोन रबराचे होते. मी हे वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा जागी होत.

पण चंद्रावर चालले म्हणून ते पाळण्यात चालेलच असे नव्हे. लेकीचा प्रश्न खरा होता, आणि त्याला "आमच्या वेळी नव्हते" किंवा "तिकडे सगळे लावतात" हे उत्तर होत नाही. मी ट्यूब आणि बरणी शेजारी शेजारी ठेवली, चष्मा पुसला आणि दोन्हींवरची यादी वहीत उतरवून घेतली. वह्यांत उतरवून घेतल्याशिवाय मला काही समजत नाही. ही छत्तीस वर्षांच्या नोकरीची खोड.

ट्यूबवर होते झिंक ऑक्साइड, म्हणजे आपले जस्ताचे भस्म, आणि डायमेथिकोन. बरणीवर एक लांबलचक नाव होते: सायक्लोपेंटासिलोक्झेन. दोन्ही सिलिकोनच. पण यांचे नाते एका आडनावाच्या दोन माणसांसारखे आहे. एकाच्या वागण्यावरून दुसऱ्याला बोल लावता येत नाही.

डायमेथिकोन ही ती लांब साखळी. कातडीतून आत शिरायला रेणू लहान असावा लागतो. औषधशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की रेणूचे वजन पाचशेच्या पुढे गेले की कातडीचे दार त्याला जवळजवळ बंद. मलमांत वापरतात त्या डायमेथिकोनच्या साखळीचे वजन हजारांत असते. ते कातडीवर पसरते, वरच्या वर बसते, मलमूत्राचा ओलावा आत जाऊ देत नाही, आणि धुतले की कपड्याबरोबर निघून जाते. पेट्रोलियम जेलीसारखे ते कातडीला पुरते कोंडीतही नाही. घामाची वाफ बाहेर जायला वाट राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक ते तीस टक्के डायमेथिकोन हे त्वचारक्षक म्हणून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मान्य केलेले आहे.

लेकीला मी विचारले, "पोटात वायू धरला म्हणून डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेत ना? त्या बाटलीवर काय लिहिलंय, वाच." तिने वाचले: सिमेथिकोन. म्हणजे हेच डायमेथिकोन, त्यात थोडी सिलिकाची पूड. पोटातले बुडबुडे फोडते आणि न पचता, रक्तात न जाता, जसेच्या तसे बाहेर पडते. जी वस्तू आपण दिवसातून तीनदा मुलीच्या तोंडात घालत होतो, ती तिच्या ढुंगणाला लावायची भीती वाटावी! लेक हसली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मोकळी हसली असेल. त्या थेंबांनी मुलांचे रडणे खरोखर किती थांबते, हा निराळा वाद आहे. माझे मत विचाराल तर रात्री दोन वाजता ते थेंब मुलापेक्षा आईला जास्त धीर देतात.

आणखी एक गोष्ट तिला आठवली, आणि ती मला माहीत नव्हती. दवाखान्यात पहिले काही दिवस नाकातून दुधाची नळी होती. ती गालाला चिकटवण्याची पट्टी पहिल्या दिवशी साधी होती. काढताना कातडीचा पापुद्रा निघाला आणि तिथे लाल डाग राहिला. दुसऱ्या दिवशी नर्सने दुसरी पट्टी आणली, ती अलगद सुटली. "ही सिलिकोनची आहे, महाग असते," असे ती म्हणाली होती. अपुऱ्या दिवसांच्या मुलांची कातडी चिकटपट्टीबरोबर सोलून निघते, आणि जखम झाली की जंतूंना दार उघडते. म्हणून आता अशा मुलांच्या दवाखान्यांतून सिलिकोनच्या गोंदाच्या पट्ट्या वापरू लागले आहेत. नातीच्या एका गालावर डाग होता, दुसऱ्यावर नव्हता. माझ्या वहीतल्या सगळ्या उताऱ्यांपेक्षा हे दोन गाल लेकीला जास्त पटले.

आता बरणी. सायक्लोपेंटासिलोक्झेन ही साखळी नव्हे, बांगडी आहे. पाच सिलिकॉन गोलात बसलेले. ही बांगडी लहान आणि उडून जाणारी असते. मलम लावताना रेशमासारखे वाटते आणि मग कोरडे होते, ती हिची करामत. हिची धाकटी बहीण चार सिलिकॉनची, आणि घोटाळा मुख्यतः तिच्यापासून सुरू झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिने जननक्षमतेला अपाय केल्याचे दिसले. युरोपने तिला संशयित ठरवून सौंदर्यप्रसाधनांत घालायला बंदी केली. पाचाच्या बांगडीवर तसा आरोप सिद्ध झालेला नाही. पण या बांगड्या पाण्यात गेल्या की लवकर मोडत नाहीत, माशांच्या अंगात साचतात, म्हणून ३१ जानेवारी २०२० पासून युरोपात धुऊन टाकायच्या प्रसाधनांत चार आणि पाच दोघींनाही ०.१ टक्क्याची मर्यादा आली. २०२४ मध्ये सहाच्या बांगडीलाही त्यांच्यात ओढले आणि अंगावर राहणाऱ्या मलमांसाठी ६ जून २०२७ ही तारीख ठरवून दिली.

तेव्हा लोक जे म्हणतात ते अगदीच निराधार नव्हते. पण लोकांनी बांगडीचा गुन्हा साखळीच्या माथी मारला होता. साचून राहते ते नदीत आणि माशांत, आणि तेही बांगडीवाले. तरीही मी लेकीला म्हटले, "बरणी नको." कायद्याने आज ती विकता येते, मोठ्या माणसाने ती लावली तर मी काही बोलणार नाही. पण दोन किलोच्या मुलीला, जिचे नाक तिच्या स्वतःच्या छातीपासून चार बोटांवर आहे, उडून जाणारी वस्तू अंगभर चोपडायची ती कशासाठी? तिच्यावाचून काही अडत असते तर गोष्ट वेगळी होती. ट्यूबचे काम होते, बरणीचे नव्हते. बरणी मी माझ्या टाचांच्या भेगांना लावून संपवली. टाचा गुळगुळीत झाल्या हे मामाच्या पदरात टाकलेच पाहिजे.

चार तटांपैकी दोन असे निकालात निघाले. राहिल्या विहीणबाई आणि मावशी; आणि खरे सांगायचे तर जर्मन बरणीपेक्षा या दोघींना तोंड देणे मला कठीण गेले.

नवजात मुलाची कातडी ही मोठ्या माणसाच्या कातडीची लहान आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानाने तिचा विस्तार आपल्यापेक्षा दुपटीतिपटीने जास्त; म्हणजे तेवढ्याच मलमातून तिला बसणारा डोस जास्त. जन्मतः ती जवळजवळ उदासीन असते, ना आम्ल ना अल्क. पुढच्या काही दिवसांत आणि आठवड्यांत ती हळूहळू आम्ल होते आणि त्या आम्लतेनेच जंतूंना दूर ठेवते. साबण आणि डाळीचे पीठ यांनी रोज घासले तर हे कामच होऊ देत नाही आपण. जन्मताना अंगावर जो पांढरा चिकट थर असतो, जो "घाण" म्हणून खसाखसा पुसण्याची सुइणींची चढाओढ असे, तो म्हणजे निसर्गाने दिलेले उत्तम मलम आहे: ऐंशी टक्के पाणी आणि उरलेल्यात प्रथिने व स्निग्ध द्रव्ये निम्मी निम्मी. म्हणून तो पुसू नये, आणि पहिले स्नान किमान चोवीस तास लांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्याच शिफारशींत आणखी एक वाक्य आहे, जे मलमवाल्यांना आवडणार नाही: पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलाला कातडीचे विकार टळावेत म्हणून रोज मलम चोपडण्याची गरज नाही. विलायतेत १३९४ मुलांवर वर्षभर हा प्रयोग झाला. ज्यांच्या घरात दम्या-इसबाची परंपरा आहे अशी ही मुले. निम्म्यांना रोज मलम लावले, निम्म्यांना नाही. २०२० मध्ये निकाल आला: इसब दोन्हीकडे सारखाच.

मग माझी नात? ती पूर्ण दिवसांची नव्हती. आणि इथेच मावशींची बाजू वर आली. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या अंगाला तेल लावण्याचा विचार करता येईल, असे तीच संघटना म्हणते. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावून पाहिले; त्यांच्यात रुग्णालयातल्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २६ टक्क्यांनी कमी भरले. ज्यांना पेट्रोलियमचे मलम लावले त्यांच्यातही मृत्यू कमी झाले, हे नैसर्गिक ते सगळे चांगले म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे वजन खोबरेलाने जास्त वाढले होते. त्याच वर्षी 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये आणखी एक अभ्यास आला, तो मला सगळ्यांत उद्बोधक वाटतो. काही मुलांना करडईच्या तेलाने, काहींना खोबरेलाने मालिश केली आणि रक्त तपासले. ज्याला जे तेल लावले त्यातली स्निग्धाम्ले त्याच्या रक्तात वाढलेली सापडली.

म्हणजे पाहा, लेक ज्या गोष्टीला घाबरत होती, ते कातडीतून आत जाणे, ते घडते. पण ते वाळूच्या तेलाचे नव्हे, घाण्याच्या तेलाचे. जे आत जाते ते अन्नासारखे निवडून घ्यावे लागते. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या कातडीचा पडदा सावरायला उशीर लागल्याचे २००२ मध्येच दिसून आले होते. ऑलिव्हचे तेल, जे आता शहरांतून श्रीमंतीचे लक्षण म्हणून मुलांना लावतात, त्याने मोठ्या माणसांच्याही कातडीचा पडदा कमकुवत होतो असे २०१३ मध्ये दाखवले गेले. त्यात ओलेइक आम्ल फार असते, ते कातडीचे थर विस्कटते. सूर्यफुलात आणि आपल्या साध्या करडईत लिनोलेइक आम्ल जास्त, ते कातडीला बांधणीसाठी हवेच असते. आमच्या विदर्भात करडई, तीळ, जवस काही कमी नव्हते. पण घाणे बसले आणि तेल पिशवीतून येऊ लागले, तो विषय पुन्हा कधीतरी.

मावशींशी मी तह केला. तेल त्यांचे, अटी माझ्या. वजन अडीच किलो होईपर्यंत पायांवर पालथे घालणे नाही, अंग चोळणे नाही. फक्त कोमट तेलाचा हात. बाहेर थंडी, तेव्हा एका वेळी एकच हात किंवा पाय उघडा, बाकी सगळे गुंडाळलेले. नाकात, कानात, टाळूवर तेलाचा थेंब नाही. नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरते आणि तिथून ते काढता येत नाही, हे मी त्यांना समजावले तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माह्या नणदेच्या पोराले असंच झालं होतं का वो बाई? कफ धरला म्हणत होते सारे." याला मी काय उत्तर देणार? झाले होते की नाही ते आता कोणालाच कळायचे नाही. त्यांनी पुढे त्याबद्दल काही विचारले नाही, पण नाकात तेल सोडायची गोष्टही पुन्हा काढली नाही.

विहीणबाईंसाठी मात्र मी शास्त्र बाजूला ठेवले. त्यांना म्हटले, उटणे दिवाळीचे. पहिल्या दिवाळीला तुम्हीच तुमच्या हाताने लावा, तोवर मुलगी दहा महिन्यांची होईल आणि तुमच्या हातून निसटून पळायलाही शिकेल. त्या खूश झाल्या. वर्णाबद्दल आमचे मतभेद आहेत, ते आहेतच.

आशाताई ठरलेल्या दिवशी काटा घेऊन यायच्या. घरी जाऊन नवजात मुले पाहण्याची ही रीत सरकारने २०११ पासून देशभर घेतली, पण तिचा उगम आपल्याच विदर्भातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांतल्या बायकांना शिकवून, दर हजारी ६२ नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ वर आणले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्यात मलम नव्हते, बरणी नव्हती. ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात आणि धोक्याच्या खुणा ओळखणारी एक शेजारीण. आशाताईंनी आमची ट्यूब पाहिली, नाळेला काही लावले नाही ना ते पाहिले, आणि मुलीला लेकीच्या छातीशी उघडी बांधून वरून शाल घातली. "दिवसा जितका वेळ जमेल तितका असंच ठेवजा, ताई. सगळ्यात चांगलं मलम हेच होय."

पावडरीचा डबा बारशाला तीन आले. पावडर मी कोणाच्याच मुलाला लावू देत नाही. तिने काही साधत नाही आणि ती श्वासात जाते. शिवाय डब्याच्या आत काय आहे हे डब्याच्या रंगावरून कळत नाही. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये मोरांज नावाच्या बाळपावडरीत कारखान्यातल्या चुकीने हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांइतके मिसळले गेले आणि ३६ मुले दगावली. ते जंतुनाशक तेव्हा सगळीकडे सुरक्षित म्हणून वापरले जात होते. आपल्या मुलुंडच्या कारखान्यातल्या जॉन्सन बेबी पावडरीचे प्रकरण वाचकांच्या आठवणीत असेल. पुण्यानाशकात घेतलेल्या नमुन्यांत अल्कता ठरलेल्या मर्यादेहून जास्त आढळली म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द ठरवले, आणि प्रशासनाने लावलेल्या विलंबाबद्दल कानही उपटले. कंपनीची बाजू बरोबर की प्रशासनाची, ते न्यायालयाने सांगितले. मला त्यात दिसले ते इतकेच की नमुना २०१८ चा आणि कारवाई २०२२ ची. या अवधीत ती पावडर ज्या मुलांना लावली गेली असेल, ती शाळेत जाऊ लागली.

मी याद्या वाचते हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मार्चमध्ये दोन घरे सोडून राहणारी एक सून आपल्या चार महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. सिलिकोनबद्दल तिनेही ऐकले होते, आणि तिला विचारायचे होते की तिच्या ट्यूबमध्ये ते आहे का. मुलगा गोरागोमटा, गाल वर आलेले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा. येताना वाटेत चार जणींनी बाळसे छान धरले म्हणून दृष्ट काढली होती. लंगोटाच्या जागी लाली आली म्हणून दोन महिन्यांपूर्वी दुकानदाराने ही ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत लाली जाई, सोडली की परत येई. म्हणून ती रोज लावत होती, डायपरच्या आत.

ट्यूबमध्ये सिलिकोन नव्हते. क्लोबेटासॉल होते. जोडीला एक बुरशीचे औषध आणि एक जंतूंचे. क्लोबेटासॉल हे अतिशय जोरकस स्टेरॉइड. ते कातडीतून रक्तात जाते, आणि डायपरने झाकलेल्या ओल्या जागेतून तर फारच. मुलाच्या अंगात स्वतःचे जे संप्रेरक तयार होते ते मग बंद पडते. तोंड सुजल्यासारखे गोल होते, वजन वाढते, आणि उंची वाढायची थांबते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने अनुसूची एचमध्ये घातली. चिठ्ठी त्या सुनेकडे नव्हती. तिच्याकडे कोणी मागितलीही नव्हती.

"फेकून देऊ का मग ही?" तिने विचारले.

मी घाईने नाही म्हटले. असले औषध एकदम तोडले तर मुलाचे अंग उघडे पडते, साध्या तापानेही जीव धोक्यात येतो; ते डॉक्टरच्याच हाताने उतरवावे लागते. मी तिला ट्यूब पदरात बांधून, जशीच्या तशी डॉक्टरांना दाखवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने ती आणि तिची सासू आर्वीला गेल्या. तिथून त्यांना सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, जे १९६९ पासून आमच्या जिल्ह्यातल्या अशा मुलांचा आसरा आहे. तिथे रक्त तपासले, एक औषध सुरू करून ते आठवड्याआठवड्याने कमी करत नेले, आणि लंगोटाच्या जागेला लावायला लिहून दिले ते झिंक ऑक्साइड.

मे महिन्यात ती परत आली तेव्हा मुलाचे गाल उतरले होते. सासू जरा नाराज दिसली. पोरगं वाळलं, म्हणाली. सून काही बोलली नाही. तिने पिशवीतून आणखी तीन ट्यूबा काढून माझ्यापुढे ठेवल्या, आणि ह्या माझ्या जावेच्या, ह्या तिच्या बहिणीच्या, असे सांगत एकेक उलटून धरू लागली. मी चष्मा पुसला.